वर्गातून ग्रंथालयाकडे : शियाळी रामामृत रंगनाथन

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांचा जन्मदिवस म्हणून नोंदला गेलेला १२ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशात ग्रंथपालदिन म्हणून पाळला जातो. त्यांची पाच सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात, आणि त्यांनी सिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणपद्धतीचा उल्लेख जगातील या विषयाच्या कोणत्याही इतिहासात टाळता येत नाही. तथापि या कीर्तीमुळेच त्यांच्या आयुष्याची एक बाजू झाकोळून गेली आहे. ग्रंथपाल होण्यापूर्वी रंगनाथन शिक्षक होते. ग्रंथपाल झाल्यावरही त्यांच्यातील शिक्षक निवृत्त झाला नाही. आणि शाळेतील मुलाच्या हाती पुस्तक कसे पडावे या प्रश्नाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. शाळेच्या ग्रंथालयाचा सांभाळ करणारा मनुष्य भांडारपाल की शिक्षक, हा आपल्याकडे अद्याप न सुटलेला वाद आहे. त्या वादाच्या दृष्टीने रंगनाथन यांचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १८९२ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात शियाळी या गावी झाला. कावेरीच्या खोऱ्यातील या जिल्ह्याचा मराठी वाचकाला विसर पडणे शक्य नाही. भोसले घराण्यातील सरफोजी राजांनी समृद्ध केलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी आहे. सरफोजी १८३२ साली निवर्तले; परंतु तो संग्रह सर्वसामान्य अभ्यासकांना खुला होण्यास १९१८ साल उजाडावे लागले. ग्रंथ जतन करणे आणि ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे एवढे बोलके उदाहरण रंगनाथन यांच्या जन्मभूमीतच होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

रंगनाथन यांच्या वडिलांचे नाव रामामृत अय्यर. मुलगा सहा वर्षांचा असताना, १८९८ साली, ते वारले. पुढील काळात या मुलावर आजोबांच्या सहवासाचा संस्कार झाला. आजोबा शाळामास्तर होते. पुराणकथा सांगून नातवाचे मन रमवणे आणि त्याला वळण लावणे हे त्यांनी केले. शियाळीच्या हिंदू हायस्कूलमधील शिक्षण संपल्यावर रंगनाथन १९०९ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. १९१३ साली ते बी. ए. झाले आणि १९१६ साली गणित विषय घेऊन एम. ए. झाले. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांच्याशी जडलेले गुरुशिष्याचे नाते पुढे फार फलदायी ठरले. गणितात एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी इतर मार्ग मोकळे होते. रंगनाथन यांनी मात्र सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१७ साली एल. टी. ही अध्यापनाची पदवी मिळवली. या तरुणाच्या बोलण्यात तोतरेपणा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे अध्यापनाचा व्यवसाय पत्करण्यातील त्याचा निश्चय कळून येतो. हा दोष त्यांनी पुढे हळूहळू काबूत आणला.

१९१७ ते १९२३ या काळात मंगळूर, कोइंबतूर आणि शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशा क्रमाने त्यांनी गणित शिकवले. या अध्यापनाची रीत प्रचलित रीतीहून निराळी होती. तास भरून व्याख्यान द्यावे आणि विद्यार्थ्यांनी ते उतरून घ्यावे, यात शिकणे घडत नाही असे त्यांचे मत बनत चालले होते. म्हणून विद्यार्थ्यांसमोर प्रश्न ठेवावेत, त्यांना ग्रंथालयात धाडावे, तेथील पुस्तकांतून त्यांनी आपापल्या गतीने उत्तरे शोधावीत आणि मग वर्गात त्यांची चर्चा व्हावी, असे प्रयोग ते करीत. एका वर्गातील सर्व मुले एकाच वेगाने चालत नाहीत ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. तिच्यावरचा उपाय ग्रंथालयात आहे, हे मात्र फार थोड्यांना सुचते. पुढे ग्रंथपाल म्हणून रंगनाथन यांनी जे जे प्रतिपादन केले त्याचे मूळ या काळातील अध्यापनात शोधावे लागते.

मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद प्रथमच निर्माण केले तेव्हा सुमारे ९०० अर्ज आले होते असे सांगितले जाते. ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला उमेदवार त्यांत कोणीच नव्हता. ग्रंथालयांविषयी रंगनाथन यांचे ज्ञान मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील एक लेख वाचण्यापुरतेच होते. पण संशोधनाशी त्यांचा परिचय आहे ही बाब निवड समितीला पुरेशी वाटली. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. पद मानाचे होते, तरी त्यांचे मन तेथे रमेना. विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून उठून ते एकाएकी मुक्या कपाटांपुढे येऊन बसले होते. थोड्याच दिवसांत, आपल्याला पुन्हा शिकवण्याच्या कामावर घ्यावे अशी विनंती घेऊन ते जुन्या महाविद्यालयात गेले. त्यावर तोडगा निघाला तो असा, की विद्यापीठाच्या योजनेप्रमाणे त्यांनी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचा अभ्यास करावा, आणि परत आल्यावरही हे काम रुचले नाही तर खुशाल अध्यापनाकडे वळावे.

१९२४ च्या उत्तरार्धात रंगनाथन लंडनला पोहोचले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयशास्त्राच्या शाळेत त्यांना बर्विक सेयर्स हे अध्यापक लाभले. सेयर्स हे वर्गीकरणाचे जाणकार म्हणून प्रसिद्ध आहेतच. परंतु क्रॉयडन या उपनगरातील सार्वजनिक ग्रंथालयाचे ते प्रमुख होते आणि मुलांच्या ग्रंथालयांविषयी त्यांनी आस्थेने लिहिले आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालये रंगनाथन यांनी पाहिली. त्यांत मोठ्या शहरांची ग्रंथालये होती, कामगारवस्तीतील होती, मुलांसाठी राखलेले विभागही होते. ग्रंथालयाचे काम हे समाजाला शिकवण्याचेच काम आहे, वर्ग तेवढा मोठा झाला आहे, हा प्रत्यय त्यांना येथे आला. अध्यापनाकडे परत जाण्याचा विचार त्यांनी मग सोडून दिला, कारण आपण अध्यापन सोडलेलेच नाही हे त्यांना उमगले होते.

याच मुक्कामात लंडनच्या सेल्फ्रिजेस या भव्य दुकानात त्यांनी मेकानो नावाचे खेळणे पाहिले. लोखंडी पट्ट्या, चाके, सळ्या आणि स्क्रू यांचे तेच तेच सुटे भाग निरनिराळ्या रीतीने जोडून मुलाला कधी पूल तर कधी गाडी बनवता येते, हे पाहताच त्यांच्या मनात वर्गीकरणाची एक नवी कल्पना चमकली. ज्ञानाचे तयार कप्पे करून प्रत्येक पुस्तक त्यांतील एकात कोंबण्यापेक्षा विषयाचे घटक सुटे ठेवावेत आणि पुस्तकाच्या आशयाप्रमाणे ते जोडून त्याचा क्रमांक सिद्ध करावा, ही ती कल्पना. घटक जोडण्यासाठी प्रथम द्विबिंदू हे चिन्ह योजल्यामुळे पद्धतीला कोलन वर्गीकरण हे नाव पडले. १९२५ साली परतीच्या प्रवासात बोटीवरच्या ग्रंथसंग्रहावर त्यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग केला, आणि १९३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जगातील ज्ञानव्यवस्थेला वळण देणारी ही कल्पना एका मुलांच्या खेळण्यावरून सुचावी, यात एक औचित्य आहे.

मद्रासला परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कायापालट आरंभला. कुलुपबंद कपाटे जाऊन मुक्तद्वार पद्धती आली. ग्रंथालय उघडे राहण्याची वेळ वाढली आणि सुट्टीच्या दिवशीही त्याचे दार उघडे राहू लागले. वाचकाजवळ जाऊन त्याची गरज समजून घेणारी संदर्भसेवा सुरू झाली. १९३६ साली ग्रंथालयाला समुद्रकिनाऱ्यालगत स्वतःची इमारत मिळाली. १९२८ च्या आरंभी मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि त्याचे चिटणीसपद रंगनाथन यांनी १९४५ पर्यंत सांभाळले. १९२८ हेच वर्ष त्यांच्या वैयक्तिक जीवनात मोठ्या दुःखाचे ठरले. १९०७ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढल्या वर्षी शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कामात स्वतःला बुडवून घेण्याची रंगनाथन यांची वृत्ती या काळात अधिकच तीव्र झाली.

पाच सूत्रांचा जन्म याच वर्षातला. विखुरलेल्या कार्यपद्धतींच्या बुडाशी थोडी मूलतत्त्वे असली पाहिजेत, ही गणितज्ञाची तळमळ त्यांना लागली होती. आणि गुरू रॉस यांच्याशी झालेल्या बोलण्यातून पहिले सूत्र हाती आले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९२८ च्या डिसेंबरात चिदंबरम येथे भरलेल्या प्रांतिक शिक्षणपरिषदेत त्यांनी ती सूत्रे प्रथम मांडली, आणि १९३१ साली ग्रंथालय संघाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सूत्रे प्रथम कोणापुढे मांडली गेली हे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. तो ग्रंथपालांचा मेळावा नव्हता; शिक्षणाचा विचार करण्यासाठी जमलेली ती परिषद होती.

शाळेच्या दृष्टीने या सूत्रांचा अर्थ लावला तर त्यांचे तेज अधिक खुलते. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, हे पहिले सूत्र. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडांनी जखडून ठेवीत. आपल्या शाळांत साखळीची जागा कुलपाने घेतली होती. पुस्तक हरवले तर भरपाई मास्तरांच्या पगारातून होणार असेल, तर कोणता मास्तर कपाट उघडील? सूत्र साधे दिसते, पण त्याने जागा, वेळ, सामान आणि माणूस या चारही गोष्टींची झडती घेतली. ग्रंथालय शाळेच्या अडगळीच्या खोलीत नसावे. मुलांना मोकळा वेळ असेल तेव्हा ते उघडे असावे. फळीची उंची अनवाणी उभ्या राहिलेल्या वाचकाचा हात पोहोचेल इतकीच असावी. आणि तेथील माणसाला वाचकाविषयी जिव्हाळा असावा. दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळवून देण्याचे; हुशार व मंद, मुलगा व मुलगी, शहरातील व खेड्यातील असा भेद त्याला मंजूर नाही. तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक शोधून देण्याचे. चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे. शाळेच्या मधल्या सुट्टीत ग्रंथालयात धावत आलेल्या मुलाला त्याची किंमत सर्वांत आधी कळते. पाचवे सूत्र ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे असे सांगते. पहिली चार सूत्रे ग्रंथपालाची कर्तव्ये सांगतात. पाचवे त्याला बदलाची सक्ती करते. वाचक बदलतील, विषय बदलतील, पुस्तकाचे रूपही बदलेल. जो सजीव आहे त्याने वाढताना जुनी पेशी टाकून नवी घडवलीच पाहिजे.

तिसऱ्या सूत्राचे एक उदाहरण रंगनाथन यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातच घडले होते. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातील कार नामक लेखकाचा गणिती सिद्धांतांचा एक संग्रह १९०३ च्या सुमारास एका शाळकरी मुलाच्या हाती आला. पुस्तक असामान्य नव्हते. परीक्षार्थींसाठी केलेले ते संकलन होते. परंतु तो मुलगा श्रीनिवास रामानुजन होता. त्या पुस्तकाने त्याच्या प्रतिभेला जाग आली आणि पुढे सगळे गणिती जग विस्मित झाले. रंगनाथन यांनी १९६७ साली रामानुजन यांच्यावर एक पुस्तक लिहिले. कपाट बंद राहिले असते तर काय घडले असते, हा विचार मनात आल्यावाचून ते चरित्र आणि ही सूत्रे एकत्र वाचता येत नाहीत.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला कोलन वर्गीकरणाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावे. १८७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत साहित्याचा शतक अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन आणि ग्रीक या साहित्यांत वाटला गेला, आणि उरलेल्या जगाच्या साहित्याला शेवटचे एक दशक मिळाले. संस्कृत, हिंदी, बंगाली, मराठी, तमिळ या सर्वांना त्या एकाच दशकात दाटीवाटीने उभे राहावे लागले. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा दशांशचिन्हाच्या पलीकडे गेला. मराठी शाळेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके इतर साहित्ये या सदरात पडावीत, यातील विसंगती केवळ तांत्रिक नाही. रंगनाथन यांनी साहित्याचे पैलू भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक आणि कृती असे क्रमाने मांडले, सर्व भाषांना एकाच न्यायाने स्थान दिले, आणि ज्या ग्रंथालयात जी भाषा प्रमुख असेल तिला अग्रस्थान देण्याची मुभा ठेवली. लेखकाचा क्रम त्यांनी नावाच्या आद्याक्षराऐवजी जन्मवर्षावरून लावला. त्यामुळे मराठी कवितेच्या फळीवर १८६६ चे केशवसुत, १८९० चे बालकवी आणि १९०९ चे मर्ढेकर कालानुक्रमाने उभे राहतात. फळीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवणाऱ्या मुलाला आधुनिक कवितेचा इतिहास न शिकवता दिसू लागतो. वर्गीकरण हीदेखील शिकवण्याची एक रीत होऊ शकते, हे येथे ध्यानात येते.

ग्रंथपाल घडवल्यावाचून ग्रंथालय बदलत नाही हे ओळखून रंगनाथन यांनी १९२९ साली ग्रंथालय संघामार्फत प्रशिक्षणवर्ग सुरू केला; १९३१ साली विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला. आपल्याकडे या कामाची पूर्वपीठिका होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता, आणि लाहोरात १९१५ साली एसा डिकिन्सन यांनी वर्ग चालवले होते. मद्रासच्या वर्गाचे वैशिष्ट्य हे, की तो परदेशी तज्ज्ञाच्या येण्याजाण्यावर अवलंबून राहिला नाही. त्याला स्वतःचे तत्त्वज्ञान आणि स्वतःची पाठ्यपुस्तके लाभली. १९३४ साली सूचीलेखनाची संहिता आणि १९३७ साली वर्गीकरणाची मीमांसा असे ग्रंथ त्यांनी पाठोपाठ दिले. १९३१ च्या ऑक्टोबरात तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे कनकसभै पिल्ले यांनी बैलगाडीवर फिरते ग्रंथालय सुरू केले, तेही या चळवळीच्या वातावरणातच. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे ते चाकांवर बसून गेले.

शाळांचा प्रश्न रंगनाथन यांनी स्वतंत्रपणे हाती घेतला तो १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवरील पुस्तकात. त्यातील विचाराचा गाभा असा सांगता येईल : पाठ्यपुस्तक हा शिक्षणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे, एकच पाठ्यपुस्तक सर्व मुलांच्या मापाचे नसते, म्हणून शाळेत ग्रंथालय हवे, वेळापत्रकात त्याला तास हवा, आणि त्या तासाला मुलाच्या मनात प्रश्न घेऊन यावे लागेल अशी अध्यापनाची रीत हवी. हे शेवटचे कलम सर्वांत अवघड. शिक्षकाने प्रश्न विचारलाच नाही तर मुलगा ग्रंथालयात कशासाठी येईल? ग्रंथपाल बदलायचा तर आधी अध्यापन बदलले पाहिजे, आणि अध्यापन बदलायचे तर ग्रंथपालाने शिक्षकाच्या बरोबरीने उभे राहिले पाहिजे, असे हे परस्परावलंबी नाते आहे.

१९४५ साली रंगनाथन यांनी मद्रास सोडले. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे १ लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ साली मॉरिस ग्वायर यांच्या आग्रहावरून ते दिल्ली विद्यापीठात आले. १९५४ पर्यंतच्या या काळात ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांचा पाया तेथे घातला गेला. दरम्यान १९३० च्या बनारस येथील आशियाई शिक्षणपरिषदेपासून त्यांनी चालवलेल्या ग्रंथालय कायद्याच्या आग्रहाला फळ आले. १९४८ साली मद्रास प्रांतात स्वतंत्र भारतातील पहिला ग्रंथालय कायदा झाला आणि ग्रंथालयांसाठी अधिभाराची तरतूद झाली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला. त्यात अशा कराची तरतूद नसून लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्यावर भर आहे.

परंतु हे कायदे सार्वजनिक ग्रंथालयांचे होते. शाळेचे ग्रंथालय शिक्षणखात्याच्या कक्षेत, शाळेच्या अंदाजपत्रकाच्या एका कोपऱ्यात पडून राहिले. १९५२ साली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने पुढल्या वर्षी सादर केलेल्या अहवालात त्याचे जे चित्र आहे ते विदारक आहे. पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली, जागा अनाकर्षक, आणि व्यवस्था एखाद्या कारकुनाकडे अथवा सक्तीने हे काम गळ्यात पडलेल्या शिक्षकाकडे. या आयोगाचे अध्यक्ष लक्ष्मणस्वामी मुदलियार हे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे ज्या नगरीत पाच सूत्रांचा जन्म झाला तेथील शिक्षणाचा धुरीणच पाव शतकानंतर हे चित्र रेखाटीत होता. प्रशिक्षित ग्रंथपालाची आणि त्याला शिक्षकाच्या तोडीचा दर्जा देण्याची गरज आयोगाने मान्य केली. पण शिफारस आणि अंमलबजावणी यांतील अंतर आपल्या परिचयाचे आहे.

या अपयशाचा थोडा वाटा खुद्द रंगनाथन यांच्या कार्यातही शोधला पाहिजे. १९५० नंतर त्यांचे लक्ष उत्तरोत्तर संशोधकांच्या सूक्ष्म गरजांकडे, प्रलेखनाकडे आणि वर्गीकरणाच्या अमूर्त सिद्धांताकडे वळत गेले. कोलन वर्गीकरणाच्या त्यांच्या हयातीत सहा आवृत्त्या निघाल्या, आणि जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत काही ना काही मूलगामी फेरफार झाला. १९५२ च्या आवृत्तीत पाच मूलभूत कोटींचा सिद्धांत आला. चिन्हे वाढली, परिभाषा दाट झाली. पाचव्या सूत्राशी हे सुसंगतच होते. मात्र नव्या आवृत्तीबरोबर पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक बदलायचे म्हणजे काय, हे एकट्याने ग्रंथालय चालवणाऱ्या शाळेच्या ग्रंथपालालाच विचारावे. बदलाचे शास्त्र सांगणाऱ्या पद्धतीचे बदल छोट्या ग्रंथालयांना पेलवले नाहीत. त्यांनी ड्यूईची ओळखीची वाट धरली, किंवा दाखल नोंदवहीतील क्रमांकावरच समाधान मानले. प्रशिक्षणवर्गांतूनही क्रमांक बांधण्याची कला शिकवली गेली. मुलाच्या मनात प्रश्न जागवण्याची कला, जी रंगनाथन यांना सर्वांत आधी साधली होती, ती अभ्यासक्रमाबाहेर राहिली. गुरूच्या दोन विद्यांपैकी शिष्यांनी जी परीक्षेला विचारता येते ती उचलली.

रंगनाथन यांच्या मनातून मात्र शिक्षक हटला नव्हता. १९५५ ते १९५७ या काळात झुरिकला राहिल्यानंतर ते भारतात परतले, १९५९ पर्यंत उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापन केले आणि मग बंगळूरला स्थायिक झाले. १९५६ साली आपल्या आयुष्याची पुंजी, १ लाख रुपये, त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिली आणि पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन करविले. १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६२ साली त्यांच्या पुढाकाराने बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. मानसन्मानांच्या या शिखरावर असताना ऐंशीच्या उंबरठ्यावरील या वृद्धाने अखेरच्या काळात हाती घेतलेला विषय कोणता, तर नवे शिक्षण आणि शाळेचे ग्रंथालय. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला त्यांचे निधन झाले. अर्धशतकाच्या अनुभवाचे सार सांगणारे ते पुस्तक १९७३ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ज्या वर्गातून ते निघाले होते त्याच वर्गाकडे त्यांची लेखणी शेवटी परत आली.

आज कोलन पद्धतीने रचलेली ग्रंथालये थोडी आहेत; पण तिचा आत्मा अनपेक्षित ठिकाणी जिवंत आहे. संगणकावर ग्रंथ शोधताना भाषा, काळ, प्रकार, लेखक असे पैलू सुटे निवडून ते एकमेकांशी जोडण्याची जी सोय असते, तिच्यामागील विचार मेकानोच्या त्या सुट्या पट्ट्यांचाच आहे. यंत्राने क्रमांक बांधण्याचे, नोंदी ठेवण्याचे आणि देवघेवीचा हिशेब राखण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे. शाळेच्या ग्रंथपालाला त्यामुळे भय वाटते, आणि ते निराधार नाही. कारण ज्या कामावरून त्याची योग्यता ठरवली गेली तेच काम त्याच्या हातून निसटत आहे. परंतु रंगनाथन यांच्या चरित्राचा अर्थ आपण नीट लावला, तर जे निसटत आहे ते भांडारपालाचे काम आहे असे दिसेल. मुलाचा प्रश्न ऐकून घेणे, अर्धवट शब्दांत विचारलेल्या त्या प्रश्नामागची खरी जिज्ञासा ओळखणे, आणि अनेक पुस्तकांतून नेमके एक पुस्तक त्याच्या हाती ठेवणे, हे काम १९२० च्या सुमारास एका गणिताच्या तरुण अध्यापकाने आरंभले होते. शाळा जर ग्रंथपालाला ते करण्याची मोकळीक, वेळ आणि शिक्षकाचा मान देईल, तर पाचवे सूत्र त्याच्या बाजूचे ठरेल. न देईल, तर उत्तम यंत्रे असलेल्या खोलीलाही पूर्वीचेच कुलूप लागेल.